पूर्ण भुलीची तयारी : घरापासून टेबलापर्यंत

ऑपरेशनची तारीख ठरली की घरात पैशांची जुळवाजुळव सुरू होते, मेडिक्लेमवाल्यांना फोन जातात, रात्री दवाखान्यात कोण थांबणार यावर चर्चा झडतात. सर्जनचा हात कसा आहे, हे चार ठिकाणी विचारून झालेलं असतं. भूल कोण देणार, हे मात्र बहुतेकांना ऑपरेशनच्या दिवशी सकाळी कळतं. लहान गावांतल्या नर्सिंग होममध्ये भूलतज्ज्ञ सकाळी एका दवाखान्यात, दुपारी दुसऱ्या, असे फिरते असतात. त्यांची आणि पेशंटची पहिली भेट पुष्कळदा टेबलावरच होते.

मी हेच काम करते. टेबलावर आमची पंचाईत होते ती बहुधा दोन कारणांनी. एखादी गोष्ट कोणी सांगितलेलीच नसते, किंवा पेशंटने खाल्लेलं असतं आणि ते लपवलेलं असतं. दोन्ही घरात घडतं, म्हणून ही कृती पेशंटइतकीच त्याच्या घरच्यांसाठी आहे.

उदाहरणाला पित्ताशयातले खडे घेऊ. दुर्बिणीने पित्ताशय काढायचं, म्हणजे पोटात कार्बन डायऑक्साइड भरून ते फुगवायचं, स्नायू पूर्ण सैल करायचे आणि श्वासनलिकेत नळी घालून श्वास यंत्राने द्यायचा. ठरवून केलेलं ऑपरेशन असल्याने तयारीला वेळ असतो. अपघात किंवा फुटलेलं अपेंडिक्स असेल तर तो मिळत नाही, आणि तिथे आम्ही वेगळ्या रीतीने भूल देतो. ते इथे धरलेलं नाही.

तारीख ठरली त्याच दिवशी

पहिलं काम तंबाखू बंद. विडी-सिगारेट ओढणाऱ्याच्या रक्तात कार्बन मोनॉक्साइड असतो आणि तो ऑक्सिजनची जागा अडवून बसतो. एक दिवस ओढली नाही तरी तो बराच उतरतो. फुप्फुसं कफ नीट बाहेर टाकू लागायला आणि जखम भरण्यातला फरक दिसायला मात्र चार आठवडे किंवा त्याहून जास्त लागतात. म्हणून चार आठवडे आधी सोडली तर उत्तम, आणि ते हुकलं असेल तर आज सोडा. गुटखा, खर्रा, मावा आणि मिश्री यांनाही हेच लागू. बायका मिश्री तंबाखूत धरत नाहीत, तेव्हा ‘तंबाखू खाता का’ असं विचारून उपयोग नसतो. ‘दात कशाने घासता’ असं विचारावं लागतं.

दुसरं काम रक्त. पुरुषांत १३ आणि गरोदर नसलेल्या स्त्रियांत १२ ग्रॅमच्या खाली हिमोग्लोबिन असेल तर जागतिक आरोग्य संघटनेच्या मापाने तो पांडुरोग. आपल्याकडे नऊ-साडेनऊ घेऊन घरातली सगळी कामं उरकणाऱ्या बायका कितीतरी असतात आणि ‘मला काही त्रास नाही’ असं त्या मनापासून सांगतात. ऑपरेशन महिनाभर लांब असेल तर लोहाच्या गोळ्यांनी तेवढ्यात फरक पडतो. दोन दिवसांवर असेल तर गोळ्यांचा उपयोग नाही, मग रक्ताची बाटली तयार ठेवण्याचा विचार करावा लागतो. म्हणून तपासणी आधी करा.

विदर्भातल्या, नंदुरबार-गडचिरोलीकडच्या आणि एकूणच आदिवासी भागातल्या मंडळींनी सिकलसेलची चाचणी झाली नसेल तर ती करून घ्यावी, आणि कार्ड असेल तर ते फाइलच्या अगदी वर लावावं. या आजारात ऑक्सिजन कमी पडला, अंग गार पडलं किंवा शरीरातलं पाणी आटलं की तांबड्या पेशी विळ्याच्या आकाराच्या होऊन रक्तवाहिन्या तुंबवतात. ऑपरेशनच्या खोलीत या तिन्ही गोष्टी घडू शकतात. आधी कळलं तर तिन्ही टाळता येतात.

शुगर आणि बीपी ऐन वेळी खाली आणता येत नाहीत. तीन महिन्यांची सरासरी सांगणारी एचबीए१सी साडेआठच्या वर असेल तर ठरवून करायचं ऑपरेशन पुढे ढकलून शुगर आटोक्यात आणण्याचा सल्ला मिळू शकतो. तपासणीच्या वेळी बीपी १८०/११० किंवा त्याच्या वर गेलं तरी तसंच. चिडू नका. ही ढकलाढकल पेशंटच्याच भल्याची असते.

आता रोज दोन जिने चढायला सांगा. न थांबता, बोलत बोलत चढता आले तर हृदय-फुप्फुसांत भुलीचा ताण झेलण्याइतकी ताकद आहे असं आम्ही ढोबळमानाने धरतो. पहिल्याच जिन्यावर कठडा धरून उभं राहावं लागत असेल तर ते भूलतज्ज्ञाला सांगायचं. गुडघे दुखतात म्हणून जिना चढत नाही आणि दम लागतो म्हणून चढत नाही, यात फार अंतर आहे. तीन चेंडू वर उडवायचं श्वासाचं यंत्र मेडिकलमध्ये मिळतं. ते ऑपरेशननंतर हातात पडतं, तेव्हा पोटाला टाके असतात आणि शिकायची इच्छा नसते. आधीच आणा आणि घरी सराव करा.

भूलतज्ज्ञाची भेट

सर्जनला स्पष्ट सांगा की भूल देणाऱ्या डॉक्टरांना आम्हाला आधी भेटायचंय. मोठ्या रुग्णालयांत यासाठी वेगळी ओपीडी असते. लहान दवाखान्यात निदान आदल्या संध्याकाळी भेट किंवा फोन होऊ शकतो. फिजिशियनने ‘फिटनेस’ दिलं म्हणजे ही भेट झाली असं होत नाही. फिजिशियन हृदय आणि शुगर बघतो, तोंड उघडून नळी कशी जाईल हे तो बघत नाही.

या भेटीला पिशवी न्या आणि पिशवीत पेशंट घेतो ती सगळी औषधं पाकिटांसकट टाका. ‘ती छोटी गुलाबी गोळी’ एवढ्यावरून आम्हाला काही कळत नाही. त्यात वैद्यांचा काढा, अश्वगंधा, लसणीच्या कॅप्सूल, जिममधली पावडर हेही येऊ द्या. यातल्या काहींनी रक्त पातळ होतं, काहींनी गुंगी वाढते. दम्याच्या किंवा सांधेदुखीच्या पुड्यांना तर मी फारच घाबरते. गावोगाव मिळणाऱ्या अशा पुड्यांमध्ये पुष्कळदा स्टिरॉइड असतं. ते महिनोन्‌महिने घेतलं की शरीर स्वतःचं स्टिरॉइड बनवणं कमी करतं, आणि ऑपरेशनच्या ताणात बीपी असं कोसळतं की सलाईनला दाद देत नाही. पुडीवर नाव नसेल तरी चालेल, पुडी आणा.

मग प्रश्न सुरू होतात. काही प्रश्न विचित्र वाटतील, म्हणून त्यांची कारणं सांगते.

आधी कधी भूल घेतली होती का, तेव्हा काय झालं? ‘शुद्धीवर यायला फार वेळ लागला’, ‘नळी घालायला त्रास झाला असं डॉक्टर म्हणाले होते’, ही वाक्यं आमच्यासाठी सोन्याच्या मोलाची. जुनं डिस्चार्ज कार्ड शोधून काढा.

घरात कोणाला भुलीचा त्रास झाला होता का? स्नायू सैल करणारं सक्सिनिलकोलिन नावाचं औषध पाच-दहा मिनिटांत उतरायला हवं. ते तोडणारं विकर काही घराण्यांत जन्मतःच कमी असतं, आणि मग पेशंट कित्येक तास यंत्रावर राहतो. दक्षिणेकडच्या आर्य वैश्य समाजात हे जास्त आढळतं. दुसरा एक दुर्मीळ आनुवंशिक दोष असा की भुलीच्या काही वायूंनी ताप भडकतो आणि स्नायू ताठरतात. मामा किंवा काका ‘ऑपरेशनच्या टेबलावर गेले’ अशी घरात कुजबुज असेल तर ती या खोलीत मोठ्याने सांगा.

गाडी लागते का? घाटात ज्यांना एसटी लागते, त्यांना भुलीनंतर उलट्या होण्याची शक्यता जास्त. बाई असणं, सिगारेट न ओढणं आणि नंतर अफूवर्गीय वेदनाशामक लागणं, ही आणखी तीन कारणं. हो, सिगारेट ओढणाऱ्याला उलट्या कमी होतात. तिच्या बाजूने बोलण्यासारखं मला आजवर सापडलेलं एवढंच. आधी कळलं तर उलटी थांबवणारी दोन-तीन औषधं आम्ही टेबलावरच देऊन ठेवतो.

घोरता का? याचं उत्तर पेशंटला माहीत नसतं, शेजारी झोपणाऱ्याला विचारा. घोरता घोरता श्वास थांबतो आणि मग दचकून सुरू होतो असं असेल तर भुलीनंतरची पहिली रात्र लक्ष ठेवण्याची. घरी श्वासाचं यंत्र लावून झोपत असतील तर ते बरोबर आणायचं.

दारू किती? हा प्रश्न बायको-मुलांसमोर विचारला की उत्तर अर्ध्यावर येतं. घरच्यांनी तेवढ्यापुरतं बाहेर जावं. रोज पिणाऱ्याने ऑपरेशनच्या दोन दिवस आधी कोणालाही न सांगता एकदम बंद केली, तर ऑपरेशननंतर हातपाय थरथरणं, भ्रम आणि कधी फीट, हे सगळं वॉर्डात घडतं आणि खापर भुलीवर फुटतं.

पाळी कधी आली होती, हेही विचारतात. त्यात लाजण्यासारखं काही नाही. अजून न कळलेलं गरोदरपण असेल तर ऑपरेशन आणि औषधं दोन्हींचा फेरविचार होतो.

शेवटी तोंड उघडायला आणि जीभ बाहेर काढायला सांगतात. टाळ्यामागची पडजीभ कितपत दिसते यावरून नळी घालणं सोपं की अवघड याचा अंदाज बांधायची ही रीत मूळचे आंध्रचे आणि पुढे बोस्टनला काम केलेले डॉ. मल्लमपती यांनी १९८५ मध्ये मांडली. जगभर भूलतज्ज्ञांच्या कागदावर त्यांचं नाव रोज लिहिलं जातं. आपल्याकडे त्याआधीच एक अडचण उभी राहते. वर्षानुवर्षं सुपारी-गुटखा खाल्ला की गालांच्या आतली त्वचा पांढरी पडून आवळत जाते आणि तोंड उघडत नाही. स्वतःची तीन बोटं एकावर एक उभी करून दातांमध्ये घालून बघा. तीन जात असतील तर ठीक. दोनच गेली तर सांगा. एकच जात असेल तर नेहमीच्या रीतीने नळी घालता येणार नाही. पेशंट जागा असतानाच, घसा बधिर करून, नाकातून लवचीक दुर्बिणीने ती घालावी लागते. त्यासाठी यंत्र आणि अनुभवी हात दोन्ही हवेत, आणि ते प्रत्येक दवाखान्यात नसतात. हे घरी आरशासमोर कळावं, टेबलावर नको. तीस वर्षांची पोरं या अवस्थेत येतात तेव्हा पानटपरीच्या रंगीत माळांचा मला फार राग येतो.

हलणारा दात आहे का, कवळी आहे का, कॅप बसवलीय का, तेही आत्ताच. हलता दात नळी घालताना निसटून श्वासनलिकेत जाऊ शकतो. सहा-सात वर्षांच्या मुलाचा हलणारा दुधाचा दातही दाखवा.

गोळ्यांचा कागद

भेट संपण्याआधी एका कागदावर तीन रकाने करून घ्या: कोणती गोळी सकाळी घोटभर पाण्याबरोबर घ्यायची, कोणती त्या दिवशी टाळायची, कोणती काही दिवस आधी बंद करायची. तोंडी सांगितलेलं घरी पोचेपर्यंत बदलतं. खाली लिहिते ते सर्वसाधारण धोरण आहे. तुमच्या डॉक्टरांनी वेगळं लिहून दिलं तर तेच पाळायचं.

थायरॉइडची, फिटची आणि हृदयाचे ठोके आवरणारी मेटोप्रोलॉल-अ‍ॅटेनोलॉलसारखी गोळी सकाळी घ्यायची असते. दम्याचा पंपही मारायचा आणि बरोबर आणायचा. बीपीच्या सगळ्या गोळ्या मात्र एका माळेचे मणी नाहीत. टेल्मीसार्टन, लोसार्टन, रॅमिप्रिल या जातीच्या गोळ्या सहसा चोवीस तास आधी थांबवतात, कारण त्यांच्यावर असलेल्या पेशंटचं बीपी भूल दिल्यावर फार खाली जाऊ शकतं.

मधुमेहात मेटफॉर्मिन त्या सकाळी टाळतात. उपाशी पोटी शुगर खाली नेणाऱ्या ग्लिमेपिराइडसारख्या गोळ्याही टाळायच्या. इन्सुलिनचा आकडा डॉक्टरच ठरवतील. ते आपल्या मनाने पूर्ण बंद करणंही धोक्याचं. लघवीतून साखर बाहेर टाकणाऱ्या डापाग्लिफ्लोझिन आणि एम्पाग्लिफ्लोझिन या गोळ्या निदान तीन दिवस आधी बंद कराव्या लागतात. त्या चालू ठेवून पेशंट उपाशी राहिला की रक्तात आम्ल साठतं, आणि शुगर मात्र फार वाढलेली दिसत नाही, त्यामुळे लक्षात यायला उशीर होतो. या गोळ्या आता घरोघरी पोचल्या आहेत आणि दुसऱ्या औषधाबरोबर एकाच गोळीतही येतात. पाकिटावरचं बारीक अक्षर वाचा. वजन उतरवायला घेतात ती सेमाग्लुटाइडसारखी इंजेक्शनं पोट रिकामं व्हायला उशीर लावतात. ती घेत असाल तर आठवडाभर आधीच सांगा.

रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या ही सगळ्यांत नाजूक जागा. क्लोपिडोग्रेल साधारण पाच ते सात दिवस आधी थांबवतात. पण ज्याच्या हृदयात स्टेंट आहे त्याने एकही गोळी स्वतःच्या किंवा मेडिकलवाल्याच्या मनाने बंद करायची नाही. ती बंद करून स्टेंट तुंबला तर पित्ताशय बाजूलाच राहील. हृदयाचे डॉक्टर, सर्जन आणि भूलतज्ज्ञ या तिघांचं एकमत कागदावर हवं. पुष्कळदा अ‍ॅस्पिरिन चालूच ठेवतात.

उपाशी राहण्याचं घड्याळ

जागेपणी अन्न घशाशी आलं तर आपण ठसकतो, गिळतो, बाहेर टाकतो. भुलीत ठसका नसतो. पोटातलं अन्न किंवा आम्ल वर आलं तर ते सरळ फुप्फुसात उतरतं. न्यूयॉर्कचे डॉ. कर्टिस मेंडेल्सन यांनी १९४६ मध्ये ४४,०१६ बाळंतपणांच्या नोंदी तपासून, भुलीत असं घडलेल्या ६६ बायकांची हकीकत मांडली आणि नुसत्या आम्लानेही फुप्फुसं कशी भाजतात हे दाखवलं. त्यानंतर ‘रात्री बारानंतर तोंडात काही नाही’ हा नियम जगभर पक्का झाला. आपल्या वॉर्डांत तो ‘एनबीएम’ (निल बाय माउथ) या तीन अक्षरांत राहतो.

पण पाणी पोटात तासन्‌तास थांबत नाही. एकदा प्यायलेलं निम्मं पाणी पंधरा-वीस मिनिटांत पुढे सरकतं. म्हणून अमेरिकेतल्या भूलतज्ज्ञांच्या संघटनेने १९९९ मध्ये वेळा पदार्थाप्रमाणे वेगळ्या केल्या, आणि आज बहुतेक ठिकाणी त्याच पाळल्या जातात. भूल देण्याच्या वेळेपासून मागे मोजायचं:

तळलेलं, तुपकट, मटण-चिकन, भरपेट जेवण : आठ तास किंवा जास्त
हलकं खाणं, दूध, दुधाचा चहा, बाळाचं पावडरचं दूध : सहा तास
आईचं दूध : चार तास
पाणी आणि पाण्यासारखी स्वच्छ पेयं : दोन तास

स्वच्छ पेय ओळखायचं कसं? काचेच्या पेल्यात ओता, मागे वर्तमानपत्र धरा. अक्षरं वाचता आली तर ते पाण्यात जमा. साखर-मिठाचं पाणी, गाळलेलं लिंबू सरबत, बिनदुधाचा चहा चालतो. ताक, सोलकढी, गर असलेला रस, भाताची पेज चालत नाही. नारळपाणी मलईचा अंशही नसलेलं आणि गाळलेलं हवं, आणि तरी विचारूनच.

दुधाचा चहा हा आपल्या घरातला मोठा चोर. ‘काही खाल्लं का?’ ‘नाही डॉक्टर, फक्त चहा घेतला.’ फक्त चहा म्हणजे दूध, आणि दुधाचे पोटात दही-गोळे होतात. दुसरा चोर उपवासाचा फराळ. साबुदाण्याची खिचडी, शेंगदाण्याचा लाडू, दूध-केळं हे एकादशीला चालत असलं तरी टेबलावर चालत नाही. पान, सुपारी, च्युइंगगमही नाही. दात घासा, चूळ भरा आणि थुंका. औषधाची गोळी घोटभर पाण्याबरोबर घेतली तर काही बिघडत नाही.

आता प्रत्यक्ष हिशोब. ऑपरेशन सकाळी आठला असेल तर रात्री नऊच्या आत साधं वरण-भात किंवा भाजी-पोळी जेवून घ्या. सकाळी साडेपाच-पावणेसहापर्यंत पाणी प्या. झोपेतून उठून पाणी प्यायला कोणी तयार नसतं, पण पेलाभर प्यायलंच पाहिजे. ऑपरेशन दुपारी दोनला असेल तर सकाळी सहाच्या सुमारास इडली किंवा मऊ भात आणि बाराच्या आत पाणी, असं चालू शकतं. यादी वरखाली होते, कधी तुमचा नंबर दोन तास आधी लागतो. म्हणून आदल्या रात्रीच विचारा: शेवटचं खाणं किती वाजता, शेवटचं पाणी किती वाजता. दोन वेळा, दोन वेगळे आकडे. सिस्टरने नुसतं ‘बारानंतर काही देऊ नका’ म्हटलं आणि ऑपरेशन दुपारचं असेल तर पाण्याबद्दल भूलतज्ज्ञाला पुन्हा विचारायला संकोच करू नका. चौदा-पंधरा तास कोरड्या घशाने बसवलेल्या म्हाताऱ्या माणसाची शीर सापडत नाही, डोकं ठणकतं, आणि भूल दिल्याबरोबर बीपी खाली येतं. सिकलसेलच्या पेशंटला तर असं कोरडं ठेवायचंच नाही. तोंडाने द्यायचं नसेल तर सलाईन हवं.

ऑपरेशन लांबलं तर दर वेळी विचारा, आता पाणी देऊ का? आणि चुकून काही खाल्लं गेलं तर लगेच सांगा. काही तास थांबून ऑपरेशन होतं, फार तर दुसऱ्या दिवशी होतं. जुना मधुमेह, सारखं आंबट वर येणं, गरोदरपण, खूप लठ्ठपणा यांत पोट उशिरा रिकामं होतं. तिथे या वेळांत डॉक्टर बदल करतील तो पाळायचा.

लहान मुलांचं घड्याळ अधिक कडक पाळावं लागतं आणि अधिक दयेने. मूल जितकं लहान तितकी उपाशीपोटी त्याची साखर लवकर उतरते, म्हणून यादीत त्याचा नंबर पहिला लावायची विनंती करा. तान्ह्याला चार तास आधी अंगावर पाजा, झोपलं असेल तर उठवून. दोन तास आधी साखरपाणी द्या. मोठ्या मुलावर कोणीतरी नजर ठेवायला हवी. शेजारच्या खाटेवरचं बिस्कीट आणि आजीच्या पदराआडचा पेढा, दोन्ही तितकेच धोक्याचे. मुलाला वाहती सर्दी, ताप किंवा खोकला असेल तर निघण्याआधीच फोन करा. दोन ते चार आठवडे थांबावं लागेल, कारण सर्दीत श्वासनलिका चिडलेली असते आणि नळी लागताच आवळते.

सही

ऑपरेशनच्या संमतीपत्राखेरीज भुलीचं संमतीपत्र वेगळं असतं किंवा असायला हवं. ते तुम्हाला समजणाऱ्या भाषेत मागा. कोणती भूल, पर्याय काय, पेशंटच्या आजारांमुळे कोणता धोका जास्त, नंतर आयसीयू लागेल का, हे विचारून मग सही करा. सज्ञान आणि शुद्धीत असलेल्या पेशंटची सही त्याचीच. नवऱ्याने, मुलाने किंवा वडिलांनी करायची नाही. समीरा कोहली खटल्यात पेशंट भुलीत असताना तिच्या आईची संमती घेऊन गर्भाशय काढलं होतं. सर्वोच्च न्यायालयाने २००८ मध्ये ती संमती ग्राह्य धरली नाही. नवऱ्याला साक्षीदार म्हणून सही करू द्या. गुंगीची गोळी दिल्यावर सही घेऊ नये, म्हणून हे काम आदल्या दिवशीच उरका.

आदली रात्र आणि सकाळ

रात्री आणि सकाळी साबणाने आंघोळ. तेल, क्रीम, पावडर नको. पोटावरचे केस घरी रेझरने काढू नका. बारीक कापल्याच्या जखमांतून जंतू शिरतात. गरज असेल तर दवाखान्यात मशीनने काढतील. नखांचा रंग पुसा. बोटाला लावतात त्या चिमट्याचा प्रकाश नखातून जातो आणि त्यावरून रक्तातला ऑक्सिजन कळतो. गडद रंग आणि काळी मेंदी त्याच्या वाटेत येतात. लिपस्टिकही नको, ओठांचा रंग आम्हाला बघायचा असतो. केसांत पिना न लावता दोन सैल वेण्या घाला.

दागिने घरीच उतरवा. ऑपरेशनमध्ये रक्त थांबवायला विजेचं साधन वापरतात, अंगावर धातू असेल तिथे भाजू शकतं. अंगठी असलेलं बोट सुजलं तर ती कापून काढावी लागते. काचेच्या बांगड्या सलाईनच्या हाताशी फुटतात. चमकी, जोडवी, पैंजण सगळं आलं. मंगळसूत्रापाशी येऊन मात्र गाडी थांबते, आणि ते मी समजू शकते. सासूबाईंच्या किंवा आईच्या हाताने ते घरी देवाजवळ काढून ठेवलं तर ओटीच्या, म्हणजे ऑपरेशन थिएटरच्या, दारात रडारड होत नाही. पाहिजे तर गळ्यात हळदीचा दोरा बांधा आणि तो भूलतज्ज्ञाला दाखवा. पुरुष आणि मुलांच्या कमरेचा चांदीचा करदोटा गाऊनखाली कोणाला दिसत नाही, तो ऐन वेळी सापडतो. दंडातला ताईतही तसाच.

कवळी वॉर्डात काढून नाव लिहिलेल्या डबीत ठेवा. कॉन्टॅक्ट लेन्स काढा. कानाचं यंत्र आणि चष्मा ओटीच्या दारापर्यंत राहू द्या. ऐकू न येणाऱ्या माणसाला त्या गार खोलीत सूचना देत बसणं क्रूरपणाचं आहे. निघण्याआधी लघवी करून घ्या.

ओटीत

मनगटावर नावाची पट्टी आहे का बघा. आत तेच प्रश्न तीनदा विचारतील: नाव काय, कोणतं ऑपरेशन, कशाची अ‍ॅलर्जी. डॉक्टर विसरभोळे आहेत असं समजू नका. जागतिक आरोग्य संघटनेची २००८ पासूनची तपासणी यादी आहे, तिचा पहिला भाग भूल देण्याआधीच पुरा करावा लागतो. ‘हो’ म्हणू नका, पूर्ण नाव स्वतः सांगा.

खोली थंड असते, पांघरूण मागा. छातीवर चिकटपट्ट्या, दंडाला बीपीचा पट्टा, बोटाला चिमटा, हातात सलाईन. मग तोंडावर मास्क येतो. घाबरून तो बाजूला सारणारे पुष्कळ असतात. त्यातून निव्वळ ऑक्सिजन येत असतो. तीन मिनिटं शांतपणे मोठे श्वास घेतले की फुप्फुसांत ऑक्सिजनचा साठा होतो आणि नळी घालताना आम्हाला निवांत वेळ मिळतो. साध्या हवेवर हा वेळ मिनिट-दीड मिनिटाचा, साठा केल्यावर निरोगी माणसात आठ मिनिटांपर्यंतही जातो. लठ्ठ माणसात तो बराच कमी भरतो, म्हणून त्यांना उशाशी उंच करून झोपवतात. घरी सराव केलेले श्वास इथे कामी येतात. दुधासारखं पांढरं औषध शिरेत जाताना हात चुरचुरतो. ते प्रोपोफॉल. मिनिटाच्या आत झोप लागते, आकडे मोजायची काही गरज नसते.

बाहेर थांबणाऱ्यांसाठी

फाइल, गोळ्यांचा कागद आणि चालू असलेला फोन एकाच माणसाजवळ ठेवा, आणि त्याने चहाला जाताना सिस्टरला सांगून जावं. पेशंट बाहेर आला की घसा खवखवेल, थंडी वाजेल, तोच प्रश्न पुन्हा पुन्हा विचारेल. हे नेहमीचं आहे. पाणी सिस्टर सांगेल तेव्हाच, आणि आधी चमच्याने. त्याच दिवशी घरी सोडलं तर चोवीस तास गाडी चालवायची नाही, कुठे सही करायची नाही, आणि रात्री घरात एक जाणतं माणूस हवं.

डिस्चार्ज घेताना बिलाच्या रांगेत एक काम राहून जातं. कार्डावर भुलीची नोंद मागून घ्या: कोणती भूल दिली, नळी सहज गेली की त्रास झाला, कोणतं औषध सोसलं नाही. दोन ओळी पुरतात. त्या मोबाइलमध्ये फोटो काढून ठेवा आणि रक्तगटाच्या शेजारी लिहून ठेवा.